नागाला दूध, अजगराला आंघोळ



श्रावण आला की आपल्या मेलबॉक्समध्ये नागपंचमीच्या शुभेच्छा येऊन पडतात. त्यांच्या मागोमाग आपल्यासारख्या मंडळींचा ठरलेला मेलही येतो: साप दूध पीत नाही, नागाला छळू नका, अंधश्रद्धा सोडा. मीही असे मेल पुढे पाठवत आले आहे आणि यापुढेही पाठवीन, कारण त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. पण गेल्या काही वर्षांत याच मेलबॉक्समध्ये आणखी एक प्रकार येऊ लागला आहे. आपल्या ओळखीच्या घरांतली, इथे अमेरिकेत वाढलेली मुलं आता साप पाळतात. कुणाकडे कॉर्न स्नेक, कुणाकडे बॉल पायथन. त्यांचे व्हिडिओ येतात. बाथरूमचं सिंक, त्यात कोमट पाणी, पाण्यात तीन-चार फुटांचा एक देखणा छोटा अजगर, त्याच्या पाठीवरून फिरणारा मऊ टूथब्रश, आणि मागून आवाज: "बघा, त्याला आंघोळ किती आवडते!" खाली आपल्या सगळ्यांचे अंगठे आणि बदाम.

आधीच सांगते, मुलांनी साप पाळण्याला माझा सरसकट विरोध नाही. आपल्या पिढीत साप दिसला की पहिला शब्द 'काठी' हा असायचा. आपली मुलगी किंवा मुलगा न घाबरता सापाला हात लावतो, तो काय खातो, कात कधी टाकतो याची वहीत नोंद ठेवतो, हे मला तरी प्रगतीचंच लक्षण वाटतं. म्हणूनच हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये असं मला वाटतं. सापाला खरंच आंघोळ आवडते का?

माझं उत्तर असं की, उचलून पाण्यात ठेवलेल्या सापाला ती आंघोळ आवडते असं मानायला आपल्याकडे काहीही आधार नाही. तो ती बहुतेक वेळा सोसतो. आणि तरीही आपल्याला ती आवडल्यासारखी का वाटते, याचं कारण शोधत गेलं तर आपण थेट नागपंचमीच्या दुधाच्या वाटीपाशी जाऊन पोचतो. पुरोगामी म्हणवणाऱ्या आपल्याला ते जरा अवघड वाटेल, पण बघू या.

आधी आपलं आंघोळीशी नातं काय आहे ते आठवा. आपल्याकडे आंघोळ म्हणजे नुसती स्वच्छता नव्हे. तान्ह्या बाळाला पायांवर पालथं घालून, तेल चोळून, ऊन पाण्यानं न्हाऊ घालणं हा आपल्या लेखी मायेचा पहिला स्पर्श. दिवाळीची पहाट म्हणजे उटणं आणि अभ्यंगस्नान. देवालासुद्धा आपण रोज आंघोळ घालतो. प्रवासातून आलेल्या पाहुण्याला आधी विचारतो, "पाणी तापवलंय, आंघोळ करून घेता का?" ज्याच्यावर जीव आहे त्याला न्हाऊ घालायचं, हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं आहे. अमेरिकन मुलांच्या बाबतीत तेल-उटणं नसेल, पण बबल बाथ आणि पिवळं रबरी बदक आहेच. त्यामुळे घरात नवा जीव आला की त्याला आंघोळ घालावी असं वाटणं स्वाभाविक आहे. कुत्र्याच्या बाबतीत ते खपूनही जातं. त्याला घाम, वास, केस, चिखल असं सगळं असतं.

सापाचं शरीर मात्र या हिशेबात बसत नाही. त्याला घामाच्या ग्रंथी नाहीत. त्याच्या अंगाला मळ चिकटून राहत नाही. त्याची बाहेरची त्वचा केराटिनची, म्हणजे आपल्या नखांच्या जातीची, आणि ती तो ठरावीक काळानं आख्खीच्या आख्खी टाकून देतो. 'कात टाकणं' हा वाक्प्रचार आपण भाषणांत उगाच वापरत नाही. निरोगी सापाची कात मोज्यासारखी उलटी होऊन एका तुकड्यात निघते, डोळ्यांवरच्या पारदर्शक झापडांसकट. याहून संपूर्ण आंघोळ कोणती? शिवाय त्याची कातडी बेडकाच्या कातडीसारखी पाणी शोषून घेणारी नसते. उलट अंगातलं पाणी बाहेर जाऊ नये यासाठी ती बनलेली आहे. सापाला पाणी हवं असेल तर तो तोंडानं पितो. त्याला टबात बुडवण्याची गरज नाही, वाटी पुरते.

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप. घाना, टोगो, बेनिन या देशांतून त्याचा मोठा व्यापार झाला. तिथे तो दिवसभर उंदीर-घुशींच्या बिळांत किंवा वाळवीच्या वारुळांत दडून बसतो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो. बिळात हवा दमट असते, अंधार असतो आणि चारही बाजूंनी अंगाला भिंत लागते. सापाच्या लेखी सुरक्षितपणा म्हणजे हे. आता आपलं बाथरूम बघा. वर पांढराशुभ्र दिवा, खाली गुळगुळीत चिनी माती, जिथे अंगाला कुठेच पकड मिळत नाही, आणि दोन्ही बाजूंना डोकावणारे प्रचंड चेहरे. बिळातल्या प्राण्याला याहून परकी जागा आपण ठरवूनही शोधू शकलो नसतो.

त्यात पाण्याचं तापमान. बाळाच्या आंघोळीचं पाणी साधारण 37-38 अंश सेल्सियस असतं, म्हणजे इथल्या भाषेत 100 फॅरनहाइटच्या आसपास. ते आपल्या हाताला छान कोमट लागतं, कारण आपलं रक्तच 37 अंशांचं आहे. साप स्वतःचं शरीर आतून तापवत नाही. भोवताल जेवढा गरम तेवढा तो गरम. बॉल पायथनच्या पेटीतली सगळ्यात उबदार जागा सुमारे 31-32 अंशांची ठेवतात आणि थंड कोपरा 25-26 चा. म्हणजे आपल्याला 'कोमट' वाटणारं पाणी हे त्याच्या सगळ्यात गरम जागेहूनही पाच-सहा अंशांनी जास्त तापलेलं. पेटीत गरम झालं तर तो सरकत थंड कोपऱ्यात जाऊ शकतो. टबात थंड कोपरा नसतो. आणि त्याला जे खरोखर मानवेल ते 30 अंशांचं पाणी आपल्या हाताला गारच लागतं. आपला हात हा सापाचा थर्मामीटर होऊ शकत नाही, एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी पुष्कळ झालं.

यावर साप पाळणारे म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे, की आमचा साप स्वतःहून पाण्याच्या भांड्यात जाऊन बसतो, तासन् तास बसतो, मग त्याला ते आवडत नाही असं कसं म्हणता? मी तसं म्हणत नाहीच. जवळपास सगळ्याच सापांना पोहता येतं. आपल्याकडच्या ओढ्या-तळ्यांतली दिवड तर पाण्यातच राहते, अ‍ॅनाकोंडाचं आयुष्य दलदलीत जातं. पाळलेला सापही पाण्यात जातो. पण का जातो हे बघायला हवं. कधी पेटी फार तापलेली असते. कधी हवा फार कोरडी असते आणि कात टाकायची वेळ जवळ आलेली असते. इथल्या हिवाळ्यात हीटिंग चालू असलेल्या घरांत आपलेच ओठ फुटतात, तिथे सापाचं काय होत असेल? कधी खवल्यांखाली माइट्स झालेले असतात, सापाच्या उवाच म्हणा, आणि त्यांना बुडवून मारायला तो पाण्यात बसतो. भांड्याच्या तळाशी काळे ठिपके दिसले तर ते तेच. अशा वेळी "अरे वा, आज किती वेळ डुंबला!" म्हणून फोटो काढणं म्हणजे ताप आलेल्या मुलानं कपाळावर ओली पट्टी ठेवल्यावर त्याच्या हौसेचं कौतुक करण्यासारखं आहे.

कात अर्धवट राहिली म्हणून आंघोळ घालण्याचंही तसंच. उथळ, बेताच्या उबदार पाण्यात काही वेळ ठेवल्यानं चिकटलेली कात सुटायला मदत होते, हे खरं आहे. प्राण्यांचे डॉक्टरही प्रसंगी तसं सांगतात. पण तो उपचार झाला. इंजेक्शनचाही उपयोग होतो. म्हणून आपण कुणाला 'त्याला इंजेक्शन फार आवडतं' असं म्हणत नाही. आणि दर वेळी कात तुकड्यांत निघत असेल तर दुखणं हवेतल्या कोरडेपणात आहे. ते पेटीत सुधारायचं, सिंकमध्ये नाही.

मराठीत तीन वेगळे शब्द आहेत: सोसणं, सवय होणं आणि आवडणं. आपण परदेशात आलेल्या माणसांना तरी यातला फरक समजावून सांगायला नको. पहिल्या वर्षीचा बर्फ आपण सोसला. पाचव्या वर्षी त्याची सवय झाली. म्हणून पहाटे फावड्यानं बर्फ उपसणं आपल्याला आवडतं, असं कुणी म्हटलं तर आपण काय म्हणू? सापाच्या बाबतीत मात्र आपण या तिन्हींची खुशाल गल्लत करतो. पहिल्या वेळी तो टबात वळवळला, बाहेर पडायला धडपडला. दहाव्या वेळी धडपडेनासा झाला. आपण म्हणतो, "आता त्याला आवडायला लागलं." कदाचित लागलंही असेल. पण कदाचित धडपडून उपयोग नाही एवढंच तो शिकला असेल. दोन्ही शक्यता समोर असताना आपल्याला सोयीची तेवढी उचलायची, याला विवेकवाद म्हणत नाहीत.

शिवाय सापाचा चेहरा आपल्याला फसवतो. भुवया, गाल, ओठ हलवणारे आपल्यासारखे स्नायू त्याला नाहीत. त्याला पापण्याही नाहीत. त्यामुळे दुखलं तरी चेहरा तोच, बरं वाटलं तरी तोच. त्या कोऱ्या चेहऱ्यावर आपण हवं ते वाचतो. पाण्यात त्यानं डोकं उंच धरलं की आपल्याला तो 'आपल्याकडे बघतोय' असं वाटतं, पण नाकपुड्या पाण्याबाहेर ठेवायला आणि काठ शोधायलाही तो तेच करील. तो हलला नाही की आपण म्हणतो, किती शांत झाला! पण 'बॉल' हे नावच मुळी त्याच्या घाबरण्यावरून पडलं आहे. भीती वाटली की तो अंगाची गुंडाळी करून डोकं आत लपवतो आणि निपचित राहतो. कॅनडातल्या लावाल विद्यापीठातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ मिशेल काबानाक यांच्या प्रयोगांत दिसलं की, इग्वानासारख्या सरड्याला अगदी हळुवारपणे हातात घेतलं तरी त्याच्या हृदयाचे ठोके वाढतात. सरडा म्हणजे साप नव्हे हे खरं, पण बाहेरून शांत दिसणं आणि आतून शांत असणं वेगळं असू शकतं, एवढं यातून नक्की कळतं.

इथे मला दुसऱ्या टोकाच्या मंडळींशीही भांडायचं आहे. आपल्यातले काही शास्त्राचे पदवीधर म्हणतील, "कसली आवड आणि कसली निवड! साप म्हणजे निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया. सुख-दुःख हे आपल्यासारख्या मोठ्या मेंदूचे चोचले." ऐकायला हे फार वैज्ञानिक वाटतं, पण आज ते विज्ञानाला धरून नाही. काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच 1990च्या दशकाच्या अखेरीस आणखी एक छान प्रयोग केला. इग्वानांना उबेच्या जागी नेहमीचं साधं खाणं ठेवलं आणि लांब, थंडीत, त्यांना आवडणारी लेट्यूसची पानं. थंडी वाढत गेली तशा इग्वानांच्या लेट्यूसच्या खेपा कमी होत गेल्या. म्हणजे चवीचं सुख आणि थंडीचा त्रास यांचा काही हिशेब ते मांडत होते. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2021 मध्ये कॉर्न स्नेकवरचं काम प्रसिद्ध केलं. साधी रिकामी पेटी आणि लपायला, चढायला सोयी असलेली पेटी यांतली एक निवडायची मुभा दिल्यावर सापांचा कल सोयींच्या पेटीकडे दिसला. एप्रिल 2024 मध्ये न्यूयॉर्कमध्ये अनेक शास्त्रज्ञांनी आणि तत्त्वज्ञांनी मिळून एक जाहीरनामा काढला. सरपटणाऱ्यांसकट सर्व पृष्ठवंशीय प्राण्यांना जाणिवेचा अनुभव असण्याची खरीखुरी शक्यता आहे आणि त्यांच्याविषयी निर्णय घेताना ती दुर्लक्षून चालणार नाही, असं त्यात म्हटलं आहे.

कायदा अजून या बाबतीत अडखळतोच आहे. अमेरिकेतला 1966 चा प्राणी कल्याण कायदा उष्ण रक्ताच्या प्राण्यांपुरता आहे. साप त्याच्या व्याख्येतच बसत नाही. ब्रिटनच्या 2006 च्या कायद्यात सगळे पृष्ठवंशीय येतात, आणि तिथल्या 2022 च्या कायद्यानं तर खेकडे आणि ऑक्टोपसही संवेदनशील मानले. म्हणजे एकाच जातीचा साप लंडनमध्ये संवेदनशील आणि आपल्या न्यू जर्सीत केंद्रीय कायद्याच्या लेखी जवळजवळ वस्तू! त्यामुळेच इथे साप अंग लांब करता येणार नाही अशा प्लॅस्टिकच्या ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षं ठेवणं अगदी सर्रास चालतं. 'त्याला काही कळत नाही' हा समज सापाला ड्रॉवरमध्ये कोंबतो, आणि 'त्याला माझ्यासारखंच कळतं' हा समज त्याला टबात घालतो. दोन्हींत प्रत्यक्ष सापाकडे कुणी बघत नाही.

मग त्याला विचारायचं कसं? लिंकनच्या संशोधकांनी विचारलं तसं: निवड देऊन. सापाचं अख्खं अंग मावेल असं जड, उथळ भांडं पेटीत ठेवा, दुसरीकडे दमट मॉस घातलेली लपायची डबी ठेवा, तापमान आणि दमटपणा ठीक राखा, आणि बघत राहा. तो पाण्यात गेला, माइट्स नाहीत, पेटी तापलेली नाही, कात टाकायची वेळ नाही, आणि तरी तो पुनःपुन्हा जातो, हवं तेव्हा बाहेर येतो, तर खुशाल म्हणा की या सापाला पाणी आवडतं. तेव्हा मीही मान्य करीन. नाही गेला तर तेही त्याचं उत्तर आहे. यात ब्रश नाही, साबण नाही, व्हिडिओत दाखवण्यासारखंही फारसं काही नाही. पण 'आवडतं' या शब्दाला अर्थ येण्यासाठी 'नको' म्हणायची सोय आधी असावी लागते. बाकीच्या आयुष्यात आपण हे किती ठासून सांगतो!

आता नागपंचमीकडे येते. नागाला दूध पाजणारी बाई दुष्ट नसते. तिच्या मनात भीती असेल, पण बरीचशी माया आणि कृतज्ञताही असते. घरातली सगळ्यात चांगली वस्तू, दूध, ती पाहुण्याला देते. नाग ते पितो तेव्हा तिला धन्य वाटतं. तो का पितो? कारण गारुड्यानं त्याला अनेकदा दिवसेंदिवस तहानलेला ठेवलेला असतो, दात काढलेले असतात, कधी तोंडही शिवलेलं असतं. साप सस्तन प्राणी नाही, दूध हे त्याचं अन्न नाही, आणि ते फुप्फुसात गेलं तर जीवही जातो. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याच्या जिवंत नागांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला तो याच कारणानं, की भक्तीचा आनंद माणसाचा होता आणि भोग नागाचे होते. भारतात 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, अंधश्रद्धा निर्मूलनवाले आणि सर्पमित्र गावोगाव जाऊन समजावत आले आहेत, आणि लोकांचं वागणं हळूहळू का होईना बदलतं आहे.

तुम्ही म्हणाल, ही तुलना अन्यायाची आहे. तिथे क्रूरता आहे, इथे आमच्या पोरीचा जीव आहे त्या सापावर. ती त्याला वेळेवर उंदीर देते, डॉक्टरकडे नेते. कबूल. त्रासाच्या मापात दोन्हींची बरोबरी होऊच शकत नाही, आणि मी ती करत नाही. मी बरोबरी करते आहे ती विचाराच्या पद्धतीची. 'मला प्रेमानं द्यावंसं वाटलं, त्यानं घेतलं, म्हणजे त्याला आवडलं.' हे वाक्य शिराळ्यात म्हटलं की अंधश्रद्धा आणि सिएटलमध्ये म्हटलं की पेट लव्ह? आपल्या भावनेची पावती दुसऱ्याच्या शरीरावर फाडायची, ही रीत दोन्हीकडे एकच आहे. गावाकडच्या आजीला आपण पुरावा मागतो. मग आपल्या दिवाणखान्यातही तो मागायला हवा, नाहीतर आपला विवेकवाद हा फक्त गरिबांच्या आणि दूरच्यांच्या चुका मोजण्याचं साधन उरतो.

या गोड व्हिडिओंची आणखी एक बाजू आहे. ते पुण्या-मुंबईतली आपली भाचरंही बघतात. डिसेंबर 2023 मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडे बिस्किट-केकच्या पाकिटांत दडवलेले बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक सापडले होते. भारतात आता 2022 ची कायदादुरुस्ती आणि 2024 चे नियम यांमुळे बॉल पायथनसारख्या परदेशी प्राण्यांची नोंदणी करावी लागते, आणि नाग, धामण, अजगर असे देशी साप तर पाळताच येत नाहीत. तेव्हा "काका, मला पण तसलाच साप हवा" असा फोन आला तर तिथला कायदा आणि पाकिटातला तो प्रवास, दोन्ही सांगा.

ज्यांच्या घरी साप आहे त्यांच्यासाठी चार व्यवहारी गोष्टी:

1. साप निरोगी असेल तर आंघोळ घालू नका. पिण्याचं स्वच्छ पाणी, योग्य ऊब आणि दमट डबी एवढं पुरे. अंगाला घाण लागलीच तर ओल्या फडक्यानं पुसा.

2. कात अडकली, माइट्स झाले, शी होत नाही असं वाटलं, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरांना विचारा. त्यांनी पाण्यात ठेवायला सांगितलं तर थर्मामीटर वापरा, पाणी उथळ ठेवा आणि एक मिनिटही सोडून जाऊ नका. डोळ्यावरची कात स्वतः ओढू नका.

3. स्वयंपाकघरातलं सिंक नकोच. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात, साप ठणठणीत दिसला तरी. हाताळल्यावर साबणानं हात धुवा. पाच वर्षांखालच्या मुलांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या वडीलधाऱ्यांना सापापासून आणि त्याच्या भांड्यांपासून दूर ठेवा. भारतातून आजी-आजोबा राहायला आले असतील तेव्हा तर नक्कीच.

4. आणायच्या आधी हिशेब करा. नीट ठेवलेला बॉल पायथन वीस-तीस वर्षं सहज जगतो. बारा वर्षांची मुलगी सहा वर्षांत कॉलेजला जाईल. साप जाणार नाही.

मुलांशी बोलताना मात्र 'तुझं चुकलं' असं म्हणू नका. त्यांना प्रश्न द्या. तो पाण्यात स्वतः जातो का? कधी जातो? त्या दिवशी पेटीत तापमान किती होतं? कात किती दिवसांनी टाकली? महिनाभराच्या नोंदींतून जे उत्तर निघेल ते त्या मुलीचं स्वतःचं असेल, आणि शाळेच्या कुठल्याही सायन्स फेअरपेक्षा सरस असेल. शिवाय, माझ्याहून वेगळ्या जिवाला काय हवं हे माझ्या मनात डोकावून कळत नाही, त्याच्याकडेच बघावं लागतं, हे ती शिकेल. मोठेपणी हे शिकणं फार जड जातं. आपलंच बघा ना. गावच्या शाळेला देणगी द्यायची तर तिथल्या मुलींना आधी स्वच्छतागृह हवंय का, हे विचारण्यापूर्वीच आपण संगणक पाठवायचं ठरवून मोकळे होतो, कारण संगणक द्यायला आपल्याला छान वाटतं. इथे राहायला आणलेल्या आई-वडिलांना डिस्नेवर्ल्ड दाखवतो आणि त्यांना मात्र दुपारी गप्पा मारायला कुणीतरी हवं असतं. ते "मजा आली हो" म्हणतात. माणसं निदान तेवढं तरी म्हणू शकतात. साप तेही म्हणू शकत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत आपली जबाबदारी जास्त.

तेव्हा येत्या नागपंचमीला 'साप दूध पीत नाही' हा मेल जरूर पुढे पाठवा. फक्त त्यात आणखी एक ओळ घाला: निरोगी सापाला आंघोळही लागत नाही. कुणाचा अनुभव वेगळा असेल, कुणी आपल्या सापाच्या नोंदी ठेवल्या असतील, तर अवश्य लिहा. वाचायला मला फार आवडेल, आणि हे 'आवडेल' मी स्वतः सांगते आहे.